वारा दिसत नाही, हिशेबात सापडतो



मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला जायला जास्त वेळ लागतो आणि परत येताना ते साधारण तासभर लवकर पोचतं. गाव तीच, अंतर तेवढंच, विमानही तेच. मग तासाचा फरक कुठून आला? फरक वाऱ्याचा. उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर.

हे आपल्याला सायकल चालवताना कळतं, पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालतानाही कळतं. पण आजचा आपला प्रश्न जरा वेगळा आहे. आकाशात उडणाऱ्या विमानाला वारा कळतो कसा? आणि ते कळायला माणसाला किती वर्षं लागली?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? जमिनीवर आपण पदर कुठे उडतो ते पाहतो, धान्य उफणताना भूस कुठे जातं ते पाहतो, चुलीचा धूर पाहतो. वारा लगेच कळतो. बरोबर आहे, पण तो कळतो कारण आपले पाय जमिनीवर घट्ट असतात. विमानाचे पाय कुठे असतात? ते हवेतच असतं, आणि ती सगळी हवा त्याला घेऊन सरकत असते. नदीच्या मधोमध होडी सोडून दिली आणि डोळे मिटून आत बसलं, तर पाणी किती जोरात चाललंय ते कळेल का? नाही कळणार. होडीही पाण्याबरोबरच चालली आहे. काठावरचं झाड पाहिलं तरच समजतं की आपण वाहून चाललोय.

आता नावाड्याची युक्ती आठवा. पैलतीरावरच्या घाटाला लागायचं असेल, तर तो होडीचं तोंड घाटाकडे धरत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, तिरकं धरतो. वल्ही मारतो एकीकडे, पाणी ओढतं दुसरीकडे, आणि दोन्ही मिळून होडी नेमकी घाटाला लागते. विमानाचं गणित अगदी हेच आहे. विमानाचं तोंड कुठे आहे आणि हवेतून ते किती वेगाने जातंय, ही एक नोंद. जमिनीवरून पाहिलं तर ते खरोखर कुठे आणि किती वेगाने सरकतंय, ही दुसरी नोंद. या दोन नोंदींत जी तफावत येते, तिचंच नाव वारा. वारा मोजणारं वेगळं यंत्र प्रवासी विमानात नसतं. तिथे वारा मोजत नाहीत, दोन वह्या समोरासमोर ठेवून काढतात.

बचत गटात काम करणाऱ्या बायांना हे समजायला दोन मिनिटं लागणार नाहीत. आपली रोजकीर्द एक आकडा सांगते, बँकेचं पासबुक दुसरा. दोन्हींचा ताळमेळ घातला की मधे काय घडलं ते कळतं. पण ज्यांच्याकडे एकच वही होती, त्यांचं काय झालं? या विषयाचा इतिहास म्हणजे दुसरी वही मिळवण्याचा इतिहास आहे.

आधी पहिली वही पाहू. तिची सुरुवात विमानाआधी पावणेदोनशे वर्षं, एका नदीत झाली. फ्रान्समध्ये आन्री पितो नावाचा अभियंता होता. १७३२ मध्ये त्याने पॅरिसच्या सेन नदीत काचेच्या दोन नळ्या बुडवल्या. एक सरळ, दुसरीचं खालचं तोंड वाकवून प्रवाहाच्या समोर धरलेलं. वाहतं पाणी वाकड्या नळीत घुसून वर चढायचं. प्रवाह जितका जोरात, तितकं पाणी वर. दोन नळ्यांतल्या पाण्याच्या उंचीतला फरक पाहून प्रवाहाचा वेग काढता यायचा. त्या काळी लोक समजत की नदी खोल जावं तसतशी जास्त वेगाने वाहते. पितोने मोजून दाखवलं की तसं नाही.

हीच नळी आज प्रत्येक प्रवासी विमानाच्या नाकाजवळ असते. बोटाएवढी जाड, तोंड पुढे. तिला पितो नळीच म्हणतात. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब ती घेते. विमानाच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून आजूबाजूच्या शांत हवेचा दाब घेतात. दोन दाबांच्या फरकावरून हवेतला वेग निघतो. त्यात एक दुरुस्ती करावी लागते. पस्तीस हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांशाहूनही विरळ असते, म्हणून नळीत दाब कमी भरतो. उंची आणि तापमान धरून संगणक ती दुरुस्ती करतो आणि खरा वेग देतो. दिशा होकायंत्रावरून मिळायची. झाली पहिली वही पूर्ण.

दुसरी वही मात्र फार काळ डोळ्यांवर अवलंबून होती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूपर्यंत टपालाचं विमान आणलं, तेव्हा त्यात रेडिओसुद्धा नव्हता. दिवसा जमिनीवरून उडताना रस्ते, नद्या, रेल्वेचे रूळ दिसतात. नकाशावरचं गाव खाली दिसलं की आपण कुठे आहोत ते कळतं, आणि ठरल्या वेळेपेक्षा किती मागे पडलो ते पाहून वाराही कळतो.

समुद्रावर गाव कुठून आणायचं? १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला. साडेतेहतीस तासांचा प्रवास, त्यातला बहुतेक पाण्यावरून. विमान खाली आणून लाटांचा फेस आणि तुषार कुठे उडतात ते तो पाहायचा, आणि त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधून तोंड वळवायचा. आयर्लंडचा किनारा दिसला तेव्हा तो ठरवलेल्या मार्गाच्या अगदी जवळ होता. कौशल्य होतं आणि नशीबही होतं.

पुढे मोठ्या विमानांत नेव्हिगेटर नावाचा माणूस स्वतंत्र बसू लागला. तो समुद्रावर धूर सोडणारं नळकांडं टाकायचा आणि त्या धुराच्या मानाने विमान किती तिरकं सरकतंय ते भिंगातून मोजायचा. रात्री तारे पाहायचा. मग कागदावर तीन रेघांचा त्रिकोण काढायचा. एक रेघ हवेतल्या प्रवासाची, दुसरी जमिनीवरच्या प्रवासाची, आणि दोन्हींची टोकं जोडणारी तिसरी म्हणजे वारा. अमेरिकेत फिलिप डाल्टन नावाच्या तरुण नौदल अधिकाऱ्याने हा त्रिकोण पटकन सोडवणारी एक गोल फिरती पट्टी बनवली. दुसऱ्या महायुद्धात ती असंख्य वैमानिकांच्या हातात होती. आजही वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना ती शिकवतात. डाल्टन स्वतः १९४१ मध्ये एका विद्यार्थ्याला शिकवताना विमान अपघातात गेला.

या सगळ्यात एक गृहीत धरलेलं होतं. वारा म्हणजे ताशी तीस, चाळीस, फार तर साठ-सत्तर किलोमीटर. त्याहून फार मोठा वारा असू शकतो हे एका माणसाला माहीत झालं होतं. जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला तातेनो इथे वासाबुरो ओइशी नावाचे शास्त्रज्ञ वेधशाळेचे प्रमुख होते. १९२० नंतरच्या वर्षांत ते हवेत फुगे सोडायचे आणि दुर्बिणीसारख्या यंत्राने त्यांचा माग काढायचे. फुगा वाऱ्याबरोबर जातो, म्हणजे फुग्याचा प्रवास हाच वाऱ्याचा प्रवास. हिवाळ्यात आठ-दहा किलोमीटर उंचीवर फुगे पूर्वेकडे भन्नाट वेगाने निघून जाताना त्यांना दिसले. आज त्या वाऱ्याला जेट प्रवाह म्हणतात. १९२६ मध्ये त्यांनी अहवाल छापला. जगभर वाचला जावा म्हणून तो जपानीत न लिहिता एस्पेरांतो भाषेत लिहिला. ही सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा. पण ती येणारे लोक जगात मूठभरच होते. अहवाल कपाटात राहिला.

त्याची किंमत अठरा वर्षांनी कळली. २४ नोव्हेंबर १९४४ ला शंभराहून जास्त अमेरिकी बॉम्बफेकी विमानं टोकियोजवळच्या विमान कारखान्यावर गेली. उंचावर त्यांना पाठीमागून असा वारा लागला की विमानं लक्ष्यावरून भरकन निघून गेली. नेम धरायच्या यंत्रांत तेवढ्या वेगाची सोयच नव्हती. कारखान्यावर फार थोडे बॉम्ब पडले. त्या युद्धाची बाजू आज आपण घेत नाही. सांगायचं एवढंच, की जे जपानमध्ये छापून तयार होतं, ते जगाला नव्याने आणि महाग पडून शिकावं लागलं.

युद्ध संपलं. बॉम्बफेकी विमानं थोडीफार बदलून प्रवाशांसाठी वापरू लागले. ती पूर्वीच्या प्रवासी विमानांपेक्षा उंच उडू शकत. म्हणजे आता साधी माणसंही त्या उंचावरच्या वाऱ्यात जाऊ लागली. त्यातल्या एका विमानाची गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे.

विमानाचं नाव 'स्टार डस्ट'. एका ब्रिटिश कंपनीचं. २ ऑगस्ट १९४७ ला दुपारी ते अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्सहून चिलीच्या सांतियागोला निघालं. सहा प्रवासी, पाच कर्मचारी, एकूण अकरा जण. कर्मचाऱ्यांत एक हवाई सेविका होती. कप्तान रेजिनाल्ड कुक युद्धात तावूनसुलाखून निघालेला वैमानिक. वाटेत अँडीज पर्वताची रांग. ती ओलांडली की पलीकडे सांतियागो. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. डोंगरावर बर्फाचं वादळ होतं आणि खाली सगळे ढग. जमीन दिसायचा प्रश्नच नव्हता. डोंगर टाळायला विमान चोवीस हजार फुटांवर चढवलं.

संध्याकाळी ५ वाजून ४१ मिनिटांनी सांतियागोला तारेच्या कडकट्टात संदेश आला, आम्ही ५.४५ ला पोचतो. शेवटी 'स्टेंडेक' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. त्यानंतर काहीही नाही. विमान पोचलं नाही. शोधपथकांना काही सापडलं नाही. हेर होते, सोनं होतं, परग्रहावरचे लोक घेऊन गेले, अशा गोष्टी पन्नास वर्षं रंगत राहिल्या.

१९९८ मध्ये तुपुंगातो नावाच्या उंच शिखराजवळ गिर्यारोहकांना हिमनदीवर एका इंजिनाचे तुकडे दिसले. २००० साली अर्जेंटिनाच्या लष्कराचं पथक वर गेलं आणि ओळख पटली. 'स्टार डस्ट'च होतं. पंख्यांची पाती पाहून कळलं की इंजिन धडक बसेपर्यंत व्यवस्थित चालू होतं. विमान बिघडलेलं नव्हतं. बर्फाच्या उतारावर ते आदळलं, वरून बर्फ कोसळून झाकलं गेलं आणि हिमनदीने ते हळूहळू खाली आणलं. ती जागा सांतियागोपासून सुमारे ऐंशी किलोमीटर अलीकडे, डोंगराच्या अलीकडच्या अंगाला होती.

चार मिनिटांत पोचतो म्हणणारी माणसं ऐंशी किलोमीटर मागे कशी राहिली? तज्ज्ञांचं मत असं की त्या उंचीवर जेट प्रवाह अगदी समोरून येत होता. हवेतला वेग बरोबर होता. होकायंत्र बरोबर होतं. घड्याळ बरोबर होतं. पहिल्या वहीत एकही आकडा खोटा नव्हता. त्या वहीप्रमाणे डोंगर मागे पडला होता. म्हणून त्यांनी विमान खाली उतरवायला घेतलं, आणि ढगाच्या आत डोंगर अजून समोरच होता.

मैत्रिणींनो, त्या अकरा जणांचे प्राण ज्याने गेले, तो आळस नव्हता, निष्काळजीपणाही नव्हता. अर्जेंटिनाच्या हवाई दलाने चौकशी करून कप्तानाला दोष दिला नाही. वादळ आणि ढगांमुळे आपली जागा तपासून दुरुस्त करणं त्यांना शक्यच नव्हतं, असं ठरलं. त्यांच्याजवळ दुसरी वही नव्हती, एवढंच.

ही दुसरी वही ढगातही वाचता यावी, यासाठी पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली. पहिला उपाय डॉप्लर रडार. रेल्वे फलाटावरून सुसाट जाते तेव्हा तिची शिट्टी जवळ येताना बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येते, हे आपण ऐकलंय. १८४२ मध्ये क्रिश्चन डॉप्लरने त्यामागचा नियम मांडला. १९५० नंतर विमानाच्या पोटातून जमिनीकडे रेडिओ लहरी सोडून, परत आलेल्या लहरी किती बारीक-जाड झाल्या त्यावरून जमिनीवरचा वेग आणि तिरकं सरकणं काढायला लागले. ढगांची अडचण संपली. पण समुद्र अगदी संथ असला की लहरी नीट परत येत नसत.

दुसरा उपाय जास्त गमतीचा. एसटीत खिडकीचा पडदा ओढून डोळे मिटून बसा. तरी गाडी सुटली, ब्रेक लागला, डावीकडे वळली हे पोटातल्या हिसक्यावरून कळतं ना? प्रत्येक हिसका किती जोराचा आणि किती वेळ होता याची अचूक नोंद ठेवली, तर डोळे न उघडता सांगता येईल की आता गाडी कुठे पोचली. हे काम फिरत्या भोवऱ्यांवर बसवलेली अतिशय नाजूक यंत्रं करतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९५३ मध्ये असं यंत्र एका विमानात ठेवून मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिसपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, नेऊन दाखवलं. बाहेर कशाकडेही न पाहता.

जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७, आपण ज्याला जम्बो म्हणतो, ते प्रवासी सेवेत आलं. त्यात हे यंत्र पहिल्यापासून होतं. एअर इंडियाचं पहिलं जम्बो १९७१ मध्ये मुंबईला उतरलं. वैमानिकापुढे एक छोटी पेटी, तिला एक फिरवायचं बटण. बटण 'वारा' या खुणेवर आणलं की दोन आकडे उजळायचे. एक दिशा, दुसरा वेग. पेटीच्या आत काय चालायचं? पितो नळीची वही आणि हिसक्यांची वही शेजारी ठेवून वजाबाकी. जो त्रिकोण नेव्हिगेटर कागदावर काढायचा, तो आता यंत्र न थांबता काढू लागलं. नेव्हिगेटरची खुर्ची हळूहळू विमानातून गेली.

१९८२ मध्ये बोइंग ७६७ सेवेत आलं. फिरत्या भोवऱ्यांच्या जागी लेझर किरणांची यंत्रं आली आणि घड्याळांच्या जागी रंगीत पडदे. तेव्हापासून वारा बाणाने दिसू लागला. पुढे १९९० नंतर उपग्रहांचं जीपीएस त्याला जोडलं गेलं आणि दुसरी वही आणखी पक्की झाली.

हा बाण वाचायचा कसा, ते एका उदाहरणाने पाहू. मुंबईहून दिल्ली जवळजवळ उत्तरेला आहे. सोपं व्हावं म्हणून सरळ उत्तरेलाच धरू. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर. हिवाळ्यात पश्चिमेकडून ताशी १२० किलोमीटरचा आडवा वारा आहे. वैमानिकाने तोंड सरळ दिल्लीकडे धरलं, तर पोचायच्या वेळेपर्यंत विमान दीडशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला, मुरादाबादच्या आसपास गेलेलं असेल. म्हणून नावाड्यासारखंच विमानाचं तोंड डावीकडे साधारण ८ अंश वळलेलं असतं. तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. जमिनीवरचा वेग होतो सुमारे ८४०. पडद्याच्या कोपऱ्यात हवेतला वेग, जमिनीवरचा वेग, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा वेग असे आकडे आणि डावीकडून उजवीकडे जाणारा एक छोटा बाण.

दिशेचा आकडा नेहमी वारा कुठून येतो तो असतो. २७० म्हणजे पश्चिमेकडून. आपणही वाऱ्याचं नाव तो येतो त्या बाजूवरूनच घेतो. समुद्रावरून येतो तो खारा वारा, जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. वेग नॉटमध्ये लिहितात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

मात्र बाणावर किती भरवसा ठेवायचा हेही वैमानिकाला शिकवतात. तो बाण आत्ताचा आणि इथला वारा दाखवतो. दहा मैलांवर पुढे काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. विमान वळत असताना आकडा थोडा डळमळतो. धावपट्टीवर उतरताना तर दोन-तीन पावलांत वारा बदलू शकतो, म्हणून तिथे खालच्या मनोऱ्यातून सांगितलेला वाराही ऐकावा लागतो.

आणि दुसरी वही कितीही भारी झाली, तरी पहिली फाटली तर सगळंच अडतं. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या पितो नळ्या अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी बुजल्या. एक मिनिटभरच. पण तेवढ्यात हवेतल्या वेगाचे आकडे बिघडले, आपोआप चालणारी यंत्रणा सुटली, गोंधळात वैमानिकांचा ताबा गेला आणि विमान समुद्रात कोसळलं. २२८ माणसं गेली. उपग्रह वरती होतेच. पण जमिनीवरचा वेग कळला म्हणून हवेतला वेग कळत नाही. एका वहीवरून दुसरी लिहून काढता येत नाही. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी सेन नदीत बुडवलेल्या नळीचं महत्त्व अजून तेवढंच आहे.

आता पुढचा वारा. तो विमानाला कोण सांगतं? हवामान खातं सांगतं. आणि हवामान खात्याला कोण सांगतं? फुगे, उपग्रह आणि आता स्वतः विमानंसुद्धा. आज अनेक प्रवासी विमानं उडता उडता आपण काढलेला वारा आणि तापमान आपोआप खाली पाठवतात. त्यावरून अंदाज तयार होतात आणि मागून येणाऱ्या विमानांना मिळतात. २०२० मध्ये कोरोनामुळे विमानं जमिनीवर उभी राहिली, तेव्हा ही माहिती एकदम आटली आणि जगभरच्या हवामानतज्ज्ञांना काळजी लागली. ओइशींचा अहवाल कपाटात पडून राहिला होता. आज एका विमानाला लागलेला वारा लगेच सगळ्यांचा होतो.

यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे आणि एका बाईचा आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अन्ना मणी मूळच्या केरळच्या. इंग्लंडमध्ये हवामानाची उपकरणं शिकून आल्यावर १९४८ मध्ये त्या पुण्याला भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या वेळी पर्जन्यमापक, वायुभारमापक, वारा मोजायची यंत्रं यांतली बरीच बाहेरून यायची. त्यांच्या देखरेखीखाली ती इथे बनू लागली. त्यांचा आग्रह एकच. यंत्र अचूक हवं, कारण चुकीचं मोजणं हे न मोजण्यापेक्षा वाईट. पुढे खात्याच्या उपमहासंचालक पदावरून त्या १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी देशभर कुठे किती वारा असतो याची मोजदाद केली. ती पवनचक्क्या कुठे उभारायच्या यासाठी उपयोगी पडली. आज साताऱ्याच्या पठारांवर जी पाती फिरताना दिसतात, तिथेही आधी कुणीतरी असा वारा मोजून वहीत लिहिलेला असतो.

मैत्रिणींनो, शेवटी आपल्या बैठकीकडे येते. गटात हिशेब जुळत नाही असं होतं. रोजकीर्द एक सांगते, पासबुक दुसरं. अशा वेळी बैठकीत पहिली नजर सचिव बाईकडे वळते. ती बिचारी मान खाली घालून बसते. आपण आधी तफावत वाचायला शिकू या. बँकेने शुल्क कापलं असेल, चेक वटायचा असेल, व्याज जमा झालेलं असेल. तफावत म्हणजे लबाडी, असं समजून चालायचं नाही. बहुतेक वेळा तो न दिसलेला वारा असतो, आणि तो कुठून येतोय ते त्या फरकातच लिहिलेलं असतं. असतीलच लबाडीचे प्रकार, पण तेही दोन वह्या शेजारी ठेवल्यावरच सापडतात.

तसंच हप्त्याचं. एखादी बाई ठरल्या वेळी पोचली नाही, तर ती हळू चालते असं आपण पटकन म्हणतो. तिचा हवेतला वेग कुणी पाहिलेला नसतो. घरात आजारपण, पाऊस लांबलेला, नवऱ्याचं काम सुटलेलं. ती आपल्याएवढंच, कदाचित जास्त वल्हवत असते. समोरचा वारा किती आहे ते विचारलं, तर हप्ता कसा बांधून द्यायचा तेही सुचतं.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीला दोन्ही वह्या घेऊन या. एकीवर विसंबू नका, मग ती कितीही स्वच्छ अक्षरात लिहिलेली असो. आणि ढगातून विमानाचा आवाज आला, तर लक्षात असू द्या, त्याचं तोंड जिकडे आहे तिकडे ते जात नसेल, पण पोचायचं तिथे बरोबर पोचेल.